हापूसचा गंध : कलम, अढी आणि एक विकर

मे महिन्यात मुरुडच्या बाजारात हापूस घ्यायला गेलेल्या माणसाच्या कानावर एक प्रश्न हमखास पडतो : ‘इथलाच, की देवगडचा?’ (हा मुरुड म्हणजे जंजिऱ्याचा, रायगड जिल्ह्यातला, अण्णासाहेब कर्व्यांचा दापोलीजवळचा मुरुड नव्हे. दोहोंची गल्लत सुशिक्षित माणसेही करतात, म्हणून आरंभीच सांगितले.) प्रश्न विचारणारा फळ उचलून देठाशी नाक नेतो आणि निर्णय देतो. त्या निर्णयामागे एक ठाम समजूत असते. गंध हा मातीचा असतो. देवगडच्या कातळावर जे उगवते ते मुरुडच्या डोंगरउतारावर उगवायचे नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हेही त्यात आले, आणि ही समजूत कायद्याच्या भाषेतही शिरली. मानांकनाच्या सीमा कोठे असाव्यात, यावरून बरेच वाद झाले. त्या वादांचा तपशील येथे प्रस्तुत नाही. प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हापूसचा गंध नेमका कोणाचा? झाडाचा, मातीचा, की आणखी कशाचा?

आधी नावाकडे पाहू. हापूस हे ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावाचे कोकणी-मराठी रूप आहे, याबद्दल फारसा मतभेद नाही. हा अफोन्सो कोण, याबद्दल मात्र आहे. रूढ समजुतीप्रमाणे तो १५१० साली गोवा जिंकणारा अफोन्सो द आल्बुकेर्क. पराक्रमी पुरुषाचे नाव उत्तम फळाला द्यावे, हे दंतकथेच्या स्वभावाला धरूनच आहे. पण सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या आणि येथेच वारलेल्या निकोलाव मनूची या व्हेनिसच्या प्रवाशाने गोव्याच्या उत्तम आंब्यांची जी नावे नोंदवली, त्यांत ‘निकुलाव आफोन्सो’चा आंबा येतो, आणि त्याच यादीत इतरही माणसांची नावे आंब्यांना दिलेली दिसतात. तेव्हा हा अफोन्सो सेनापती नसून कोणी बागाईतदार किंवा वाडीचा धनी असावा, असे मानायला जागा आहे. मला स्वतःला हा दुसरा तर्क अधिक पटतो. फळांची नावे राजांपेक्षा शेजाऱ्यांवरून पडण्याचा संभव नेहमीच जास्त.

नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र कलमाची. कोयीपासून उगवलेला आंबा आईसारखा निघेलच याची खात्री नसते. कोकणात अशा झाडांना रायवळ म्हणतात, आणि प्रत्येक रायवळ झाडाची चव निराळी असते. गोव्यातील पोर्तुगीज अमदानीत आंब्याच्या कलमाची कला रुजली आणि एकाच झाडाची फांदी शेकडो झाडे होऊन किनाऱ्याने पसरली. जुनी पद्धत भेट कलमाची : कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन दोघांची साल तासायची, एकमेकांना बांधायची, आणि जोड जुळला की फांदी मूळ झाडापासून तोडायची. पुढे कोय कलम आले. पद्धत कोणतीही असो, अर्थ एकच : कलमाचा हापूस हा हापूसचा वंशज नसतो, तो स्वतः हापूसच असतो. वेंगुर्ल्याचे झाड, देवगडचे झाड, दापोलीचे झाड आणि मुरुडचे झाड ही एकाच झाडाची चार ठिकाणची अस्तित्वे आहेत. बियांतून होणारी अदलाबदल त्यांच्यात झालेली नाही. म्हणजे ‘रक्ता’चा प्रश्न येथे मिटला. गंधात फरक असेल तर तो रक्ताचा नाही.

थोडे विषयांतर करतो, कारण मुरुड तालुक्यात उभे राहून ते टाळणे कठीण आहे. मुरुडहून उत्तरेला, कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई हे गाव आहे. समोरच्या तीरावर रेवदंडा आणि चौल. १५२०च्या दशकारंभापासून १७४०पर्यंत हा टापू पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. ते गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून झालेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. जे. क्लॅन्सी क्लेमन्ट्स या भाषाभ्यासकाने तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण कालांतराने मराठीच्या वळणावर गेली. क्रियापद शेवटी जाऊन बसले. भाषाशास्त्राला याचे नवल नसेल. हापूसचा विचार करताना मात्र ही बोली मनात राहते. कारण येथे परके कलम स्थानिक खुंटावर जगले, आणि जगताना त्याचे सगळे जसेच्या तसे राहिले नाही. आंब्याच्या कलमातही जनुके तीच राहतात, तरी त्यांच्याकडून होणारे काम तेच राहील असे नाही. हे काम म्हणजे काय, ते पाहण्यासाठी आता किनारा सोडून जरा दूर, एका जर्मन कपाटापाशी जावे लागेल.

१८७९ साली बॉन विद्यापीठात ओटो वालाख या रसायनज्ञाकडे औषधिशास्त्राचे अध्यापन आले. प्रयोगशाळेच्या एका कपाटात सुगंधी तेलांच्या जुन्या बाटल्या विसरल्यासारख्या पडून होत्या. विभागाचे प्रमुख केकुले यांनी त्यांच्याकडे विशेष लक्ष दिले नव्हते, जरी ‘टर्पीन’ हा शब्द टर्पेंटाइनवरून घडवण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. वालाख यांनी त्या बाटल्या उघडल्या. कापूर, लिंबू, निलगिरी, पुदिना यांच्या वासांच्या मुळाशी असलेली ही द्रव्ये त्या काळी एक अरण्यच होती. प्रत्येक वनस्पतीगणिक नवे नाव, आणि त्यांतली कित्येक एकाच द्रव्याची. १८८७मध्ये वालाख यांनी दाखवले की ही सगळी पाच कार्बनांच्या एका लहान तुकड्याच्या जोडणीतून झाल्यासारखी दिसतात. तो तुकडा म्हणजे आयसोप्रीन, जो १८६० साली रबर तापवून मिळवला गेला होता. १९१० साली वालाख यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे झुरिकमध्ये रुझिच्का यांनी १९५३ साली या नियमाला जीवोत्पत्तीच्या नियमाचे रूप दिले : नुसते ‘दिसतात’ असे नव्हे, तर सजीवांत ती खरोखरच अशी जोडली जातात.

जोडतो कोण, हा प्रश्न उरला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस म्यूनिकमध्ये फिओडोर लिनेन आणि अमेरिकेत कॉन्राड ब्लॉख यांच्या गटांनी खरा तुकडा ओळखला. तो मोकळा आयसोप्रीन नसून फॉस्फेटाची शेपटी लावलेला आयसोपेंटेनिल डायफॉस्फेट होता. यीस्टच्या पेशींत हे तुकडे एकमेकांना जोडणारे विकरही सापडले. विकर म्हणजे एन्झाइम. पेशीतले प्रथिन, रासायनिक क्रिया घडवून आणते, पण स्वतः त्यात खर्ची पडत नाही. विरजणाची उपमा अनेक शिक्षक देतात, पण ती पुरती बरोबर नाही. विरजणात जिवंत जीवाणू असतात. विकर हे त्यांच्या आतले हत्यार. १९६४ साली लिनेन आणि ब्लॉख यांना नोबेल मिळाले ते कोलेस्टेरॉलच्या संदर्भात. पण कोलेस्टेरॉल आणि आंब्याचा वास यांचा रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहे, हे त्या कामातून निघणारे आणि पाठ्यपुस्तकांत क्वचितच रंगवून सांगितले जाणारे सत्य.

जोडणी अशी होते. पाच कार्बनांचे दोन तुकडे जोडले की दहा कार्बनांचा जेरॅनिल डायफॉस्फेट तयार होतो. त्याला आणखी एक पाचाचा तुकडा जोडला की पंधरा कार्बनांचा फार्नेसिल डायफॉस्फेट. आणखी एक जोडला की वीस. दहाच्या साखळीपासून हलकी, चटकन उडणारी, नाकात प्रथम शिरणारी टर्पिने होतात. पंधराच्या साखळीपासून अधिक जड गंध. विसाच्या दोन साखळ्या जोडून चाळीस कार्बनांची कॅरोटिने, म्हणजे आंब्याचा केशरी रंग. किती लांबीवर थांबायचे, हे विकर ठरवते. त्याच्या आत एक खोबण असते. साखळी तिच्यात वाढत जाते आणि तळाला टेकली की थांबते. १९९०च्या दशकात अमेरिकन संशोधकांनी पक्ष्याच्या फार्नेसिल विकरातल्या त्या खोबणीच्या तळाशी असलेली दोन अवजड अमिनो आम्ले बदलून लहान घातली, तर साखळी आणखी लांब वाढली. शब्दशः तळ खोल केला. या कुळाचे महत्त्व वनस्पतींपुरते नाही : हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून वृद्धांना दिली जाणारी झोलेड्रोनेटसारखी औषधे माणसाच्या शरीरातले हेच फार्नेसिल विकर रोखून काम करतात.

या दोन नावांकडे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. ‘फार्नेसिल’ हे रोममधल्या फार्नेसे घराण्याच्या बागेवरून आले. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे अमेरिकेतून आणलेली एक सुवासिक बाभूळ लावली होती, तिला त्या घराण्याचे नाव मिळाले आणि तिच्या फुलांवरून ‘फार्नेसॉल’ आले. ‘जेरॅनिल’चा प्रवास त्याहून आपल्याजवळचा. १८७१ साली ऑस्कर याकोब्सेन यांनी जेरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले ते ‘हिंदुस्थानी जिरेनियम तेला’तून, आणि हे तेल जिरेनियमचे नव्हेच, ते रोशा गवताचे. खानदेश आणि निमाड भागात हे गवत उकळून तेल काढत. मुंबईच्या बंदरातून ते तुर्कस्तानकडे जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. म्हणजे जगभरच्या जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकांत छापलेल्या या विकराच्या नावात सातपुड्याच्या पायथ्याचे गवत आहे, पण दुसऱ्याच झाडाच्या नावाने. हापूसच्या नावात गोव्याचा कोणी अज्ञात बागाईतदार एका सेनापतीच्या आड दडला आहे. तसाच हा प्रकार.

हिंदुस्थानात या शास्त्राची परंपरा लहान नाही. जॉन सायमनसेन यांनी मद्रास, डेहराडून आणि बंगळूर येथे काम करताना चिडाच्या टर्पेंटाइनमधून ‘केरीन’ हे टर्पीन १९२०मध्ये शोधले. आंब्याच्या कित्येक जातींच्या वासात हेच केरीन ठळक असते. १९५० साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली आणि १९६०च्या दशकात सुख देव यांनी तेथे टर्पिनांच्या रचनेवर जे काम केले त्याला जगभर मान मिळाला. हापूसच्या विकरांचा शोध याच प्रयोगशाळेत लागला, हे मला योगायोगापेक्षा वारशासारखे वाटते.

विद्या गुप्ता आणि अशोक गिरी यांच्या गटाने, राम कुलकर्णी, सागर पंडित, हेमांगी चिडले या तरुण संशोधकांसह, हापूसच्या गंधाचा काही वर्षे पाठपुरावा केला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे केशव पुजारी आणि जर्मनीतल्या येना येथील माक्स प्लांक संस्थेचे शास्त्रज्ञ सोबत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न बाजारातल्या गिऱ्हाइकाचाच होता : कलमामुळे झाड एकच असताना ठिकाण बदलले की गंध का बदलतो? हापूसच्या टर्पिनांत सर्वांत ठळक निघते ते ओसिमीन. हे नाव ओसिममवरून, म्हणजे तुळस आणि सब्जा ज्या प्रजातीत येतात तिच्यावरून आले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या गटाने हापूसच्या फळातून साखळी जोडणारी तीन विकरे वेगळी केली : दोन जेरॅनिल डायफॉस्फेट सिंथेज आणि एक फार्नेसिल डायफॉस्फेट सिंथेज.

त्या निबंधातले दोन तपशील मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा की दोन जेरॅनिल विकरांपैकी एकाची रचना विसाची साखळी बनवणाऱ्या विकराशी अतिशय जुळत होती. नुसता क्रम वाचणाऱ्याने त्याला विसाचे विकर म्हटले असते. प्रत्यक्ष तपासल्यावर त्याने विसाची साखळी बनवलीच नाही, दहावर थांबले. पाठातील साम्यावरून कार्य ठरवू नये, हा धडा संहिता-समीक्षेच्या वर्गातही चालेल. दुसरा तपशील तापमानाचा. दोन्ही जेरॅनिल विकरे ४० अंश सेल्सिअसला सर्वांत जोमाने काम करीत. फार्नेसिल विकर २५ अंशांना. एकाच फळात, एकाच कच्च्या मालावर काम करणारे दोन कारागीर, पण एकाला उन्हाळा मानवतो, दुसऱ्याला गारवा. हापूसमध्ये दहाच्या साखळीची टर्पिने पंधराच्या साखळीपेक्षा कितीतरी वरचढ असतात, आणि पिकताना फळाच्या गराचे तापमान वाढीच्या काळातल्यापेक्षा जास्त असते; संशोधकांनी या दोन गोष्टी एकमेकींशी जोडल्या. शिवाय ही विकरे मॅग्नेशियमखेरीज तपासलेल्या दुसऱ्या कोणत्याही द्विसंयुजी धातूबरोबर चालेनात, आणि हापूसचा गर मॅग्नेशियमने समृद्ध असतो. वेगवेगळ्या ठिकाणच्या फळांत या जनुकांची हालचाल सर्वांत जास्त दिसली ती टर्पिनांचा साठा कळसाला पोचण्याच्या आधीच्या टप्प्यावर. म्हणजे आधी कारागिरांची भरती, मग माल.

परीक्षानळीतला आकडा म्हणजे झाडावरचे वास्तव नव्हे, हे मान्य. ४० अंश हा विकराचा कमाल जोम. फळ दर वेळी तेथवर तापते असे कोणी म्हटलेले नाही. पण ज्याने अढी पाहिली आहे त्याला या निबंधाने एक जुनी गोष्ट नव्याने कळते. आंबा झेल्याने, देठ राखून उतरवतात. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि त्यातली टर्पिनेच सालीवर काळे डाग पाडतात. मग गवतावर थर, त्यावर पुन्हा गवत, खोली बंद. तोडलेले फळ मेलेले नसते. ते श्वास घेते, पिकताना जास्तच घेते आणि त्यातून ऊब निघते. अढीचे गवत ती ऊब धरून ठेवते. खोलीत शिरताना अंगावर येणारी उष्णता आणि वास या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

टर्पिने म्हणजे हापूसचा सगळा गंध नव्हे. कैरीच्या उग्र वासातही ती भरपूर असतात. पिकल्या हापूसचा मधाळपणा येतो तो लॅक्टोने आणि फ्युरॅनोने या वेगळ्या कुळांतल्या द्रव्यांमुळे, आणि ती पिकतानाच प्रकट होतात. तेव्हा आपण ज्याला हापूसचा गंध म्हणतो त्याचा मोठा भाग झाड सुटल्यानंतर, मातीशी संबंध तुटल्यानंतर तयार होतो. माळ्यावर, कोठीच्या खोलीत, बहुधा बायकांच्या देखरेखीखाली. रोज अढी चाळणाऱ्या, पिकलेला काढून कच्चा मागे सरकवणाऱ्या हातांचा उल्लेख मानांकनाच्या चर्चेत मला तरी आढळला नाही. कार्बाइडच्या पुडीवर पिकवलेल्या फळाला रंग येतो आणि गंध मागे राहतो, हे गिऱ्हाईक आपल्या नाकाने ओळखते; ती पुडी कायद्याने निषिद्ध आहे ती मात्र वासासाठी नव्हे, आरोग्यासाठी.

देशीवादाची येथे आठवण होणे मराठी वाचकाला अपरिहार्य आहे. भालचंद्र नेमाडे यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या या भूमिकेत परक्याला सरसकट नकार नाही. देशीकरणाला तेथे जागा आहे, आणि टीकाकार ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. पण तिच्या आधाराने पुढे जी समीक्षा लिहिली गेली, तिच्यात ‘माती’ हा शब्द फार सहज येऊ लागला. अमुक कादंबरी मातीतली, अमुक कवी मातीतला. हापूसच्या बाबतीत तरी ही रूपकाची सोय पुरत नाही. नाव परके, कलम करण्याची कला बाहेरून आलेली, खुंट रायवळ, धातू गरातला, ऊब अढीतली. यांतले एक काढले तरी तो गंध राहत नाही. ‘माती’ म्हणून आपण जे थांबतो, तेथून पुढे पाहण्यासारखे बरेच असते, एवढेच माझे म्हणणे.

उष्णता ही हापूसची सखीच आहे असेही समजू नये. पिकल्या फळात पांढरट, बेचव गाठ धरते, तिला साका म्हणतात. हापूसचे हे जुने दुखणे. जमिनीतून वर येणारी धग हे त्याच्या कारणांपैकी एक मानले गेले, आणि झाडाखाली गवताचे आच्छादन घालण्याचा सल्ला त्यातून आला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ ही साका न धरणारी जात दिली. तेच गवत अढीत ऊब धरते आणि बागेत ऊब अडवते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. मुरुड आणि श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या माडा-पोफळी आणि आंबे पडले. माड एकवेळ उभा राहतो, पण पन्नास वर्षांचे आंब्याचे झाड उन्मळले की त्याच्या जागी दुसरे आणता येत नाही. कलम लावून वाट पाहावी लागते. त्या पावसाळ्यात लावलेली कलमे आता कोठे धरण्याच्या वयाला आली आहेत. ती जनुकांनी पडलेल्या झाडांसारखीच आहेत, निकुलाव आफोन्सोच्या झाडासारखी. त्यांचा पहिला मोहोर कोणत्या उन्हात फुलेल आणि त्यांची फळे पिकवायला घरात अढीची खोली उरली असेल की नाही, हे ज्याच्या त्याच्या वाडीत ठरेल.